टिचकीमास्तरांचा मधला मुक्काम

प्रयोगशाळेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. टिचकीमास्तर म्हणत. हे नाव ज्यानं ठेवलं तो केव्हाच डॉक्टर होऊन गलेलठ्ठ पगारावर निघून गेला, त्याच्यामागून आलेले दोघंतिघंही गेले, आणि मास्तर आपले तिथंच. विद्यार्थी म्हणावं तर डोक्यावरचे केस निम्मे उडालेले, मास्तर म्हणावं तर शिकवायची नोकरी अजून कच्ची. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना 'शेवटचं वर्ष आहे' असं सांगितलं होतं. आता त्यांची स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि सासरेबुवा चारचौघांत अजून विचारत, "काय जावईबापू, कितवं शेवटचं वर्ष हे?" मास्तर हसायचे. दुसरं काय करणार?

त्यांचं घोडं अडलं होतं ते एका पोलादी पट्टीपाशी. हातभर लांब, पातळ पट्टी, एका टोकाला जाडजूड लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली. चौकटीखाली हादरे देणारं यंत्र. यंत्र चौकटीला हलवतं, चौकट पट्टीला हलवते, पट्टी डोलते. बास, एवढाच खेळ. बघणाऱ्याला वाटेल, ह्याला पीएचडी लागते होय? तर लागते. साध्या हिशेबाच्या जगात हादरा दुप्पट केला की डोलणं दुप्पट होतं. ही बया तसलं काही मानत नसे. हादऱ्यांचा वेग वाढवत नेला की तिचं डोलणं वाढत वाढत जायचं आणि एका जागी धाडकन कोसळायचं. वेग उलटा कमी करत आणावा, तर त्याच जागी ती परत वर चढायची नाही. बरंच मागं आल्यावर, तिची मर्जी होईल तेव्हा चढायची. त्या मधल्या टापूत एकाच हादऱ्याला तिची दोन उत्तरं असायची. एक तर दणदणीत डोलायचं, नाहीतर जेमतेम थरथरायचं. कुठलं उत्तर मिळणार हे तुम्ही सुरुवात कशी केली त्यावर. ह्याला अरेषीय वागणं म्हणतात, आणि ह्या वागण्याचा अभ्यास करता करता माणसांची लग्नाची वयं निघून जातात.

थरथरणाऱ्या पट्टीला बोटानं टिचकी मारली की ती उडी मारून वरचं डोलणं पकडते. टिचकी कमी पडली तर पुन्हा थरथरत बसते. एवढं प्रयोगशाळेत कुणालाही जमे. पण मास्तरांची टिचकीच वेगळी. त्यांनी मारली की पट्टी मध्येच थांबायची. वरचं नाही, खालचं नाही, दोन्हींच्या मधलंच एक डोलणं धरून बसायची, आणि हूं की चूं न करता तेच चालू ठेवायची. आता पुस्तकं तर सांगतात की मध्ये काही टिकत नाही; मध्ये ठेवलेली पट्टी क्षणात वर तरी जाते नाहीतर खाली तरी येते. मास्तरांनी पुस्तकांना खोटं पाडलं होतं. त्या डोलण्याला ते 'मधला मुक्काम' म्हणत. म्हणताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की बघवत नसे.

दुसऱ्या कुणाला तो मुक्काम कधीच सापडला नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी कळवलं की आम्ही महिनाभर टिचक्या मारतोय, बोटं सोलून निघाली, मध्ये काही थांबत नाही. मास्तरांचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, हसले आणि म्हणाले, "त्यांना सांग, त्यासाठी बोट लागतं." दोन पेपर छापून आले. सरांचं नाव आधी, मास्तरांचं नंतर, रीतीप्रमाणे.

आता फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर तासांवर शिकवत. तिथल्या प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "डिग्री आणा, कायमची जागा तुमची. मी धरून ठेवलीये, पण किती दिवस धरू?" बायको दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर उभी राहून घर चालवत होती. तिनं वेगळं काही सांगितलं नाही. फक्त परीक्षेच्या सकाळी शर्टाला इस्त्री करताना म्हणाली, "आज संपव बाबा एकदाचं." मास्तर म्हणाले, "संपलंच समज."

परीक्षक म्हणून ज्या बाई आल्या त्या बुटक्या, पिकल्या केसांच्या, गोड बोलणाऱ्या. मास्तरांचं सगळं बोलणं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, एकही आडवा प्रश्न विचारला नाही. मग म्हणाल्या, "छान. आता पट्टी दाखवा." सगळे प्रयोगशाळेत गेले. सर, इतर विद्यार्थी, नव्यानंच आलेली एक हुशार मुलगी जिला सगळे धाकटी म्हणत, असे पंधरावीस जण भिंतीला टेकून उभे राहिले. मास्तरांनी यंत्र चालू केलं, नेहमीसारखा डावा तळहात चौकटीच्या कोपऱ्यावर ठेवला, उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि टिचकी मारली. पट्टी उठली आणि मध्ये थांबली. डोलणं दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ मधोमध सरळ धावू लागली. मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, पट्टीकडेही नाही.

"तो हात कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"हा?" मास्तर खुशीत होते. "पट्टी स्थिरावली की नाही ते पडद्याआधी मला हाताला कळतं. सवयीनं येतं ते."

"नेहमी ठेवता?"

"पहिल्या दिवसापासून."

"काढा बरं."

मास्तरांनी हसत हसत हात उचलला. पट्टी जरा वेळ डोलली, मग मुकाट्यानं खाली आली आणि थरथरू लागली. मास्तरांनी घाईघाईनं पुन्हा हात ठेवला, टिचकी मारली, पट्टी मध्ये थांबली. बाई म्हणाल्या, "काढा." पट्टी खाली. "ठेवा. मारा. काढा." पट्टी खाली. असं त्या बाईंनी त्यांना किती वेळा करायला लावलं ह्याला काही धरबंध राहिला नाही. पहिल्यांदा खाली आली तेव्हाच सगळ्या खोलीला कळलं होतं, पण बाई सावकाशीनं, एकदाही आवाज न चढवता, काढा आणि ठेवा म्हणत राहिल्या. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला, तो पुसायलाही त्यांना हात मोकळा नव्हता.

"बघा," बाई शेवटी म्हणाल्या, "तुमचा हात, तुमचं कोपर, तुमचा खांदा, हे सगळं त्या चौकटीला जोडलेलं होतं. हादऱ्यातला थोडा भाग तुम्ही पीत होता, म्हणून पट्टी मध्ये थांबत होती. दुसऱ्यांना कसं सापडणार? तुम्ही इतकी वर्षं स्वतःलाच मोजत होता."

भिंतीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी आधारासाठी सरांकडे पाहिलं. सर बाईंना म्हणत होते, "मी ह्याला कितीदा सांगितलं, टेकू नकोस म्हणून."

सर असं कधीही बोलले नव्हते. एकदाही नाही. पण ज्या माणसाच्या सहीवर तुमचं आयुष्य लटकलंय त्याला चारचौघांत खोटारडा म्हणायला छाती लागते, आणि मास्तरांची छाती एवढ्या वर्षांत 'हो सर' म्हणून म्हणून पार आत गेली होती.

बाईंनी नापास केलं नाही. एका वर्षाची मुदत दिली. ह्या गोष्टीचा उलगडा करून प्रबंध पुन्हा लिहा म्हणाल्या. दयाळूपणाच होता तो, तसं बघायला गेलं तर.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मला शंका होतीच रे," सर म्हणाले. चष्मा पुसत होते. "दुसरा पेपर पाठवला तेव्हापासून."

"मग सर, तुम्ही..."

"पेपर गेला होता ना. आता बोलून काय उपयोग? ते सोड. हाताचा परिणाम समीकरणात बसवायला पाहिजे. ते तुझ्यानं होणार नाही, गणित तुझं कच्चं आहे, तुला माहितीये. धाकटीला बसव बरोबर. ती समीकरण करेल, तू हात दे. दोघांचंही भलं होईल."

गणित कच्चं होतं हे खरंच होतं. खरं बोलून माणसाला मारायची सरांची हातोटीच होती. मास्तर म्हणाले, "हो सर."

मग ते वर्ष सुरू झालं. धाकटी कामाला वाघीण. तिनं मास्तरांच्या मनगटाला, कोपराला आणि खांद्याला बटणाएवढी हादरे मोजायची उपकरणं चिकटवली, त्यांच्या तारा टेबलावर नेल्या आणि त्यांना चौकटीपाशी स्टुलावर बसवलं. "दादा, हलू नका हं." "दादा, आज हात सैल लागतोय, झोप झाली नाही का?" "दादा, जरा श्वास रोखता?" मुलगी मनानं वाईट नव्हती. फक्त मोजताना तिला समोर माणूस दिसत नसे, आणि हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एकदा तिनं त्यांचं वजन केलं आणि काळजीनं म्हणाली, "दादा, दोन किलो उतरलंय तुमचं. असं करू नका, सगळे आकडे सरकतात. जेवत जा ना नीट."

मास्तरांनी हे घरी सांगितलं, हसवायला म्हणून. बायको हसली नाही. ताटात वाढता वाढता म्हणाली, "विचारून ठेव तुझ्या धाकटीला, किती वाढू ते." आणि भातवाढी पातेल्यात टाकून आत निघून गेली. त्यांची मुलगी एकदा बापाकडे, एकदा आतल्या दाराकडे बघत राहिली.

पण एक सांगायला हवं. त्या स्टुलावर बसून मास्तर धाकटीला सगळं शिकवत होते, अगदी पोटातलं काढून. टिचकी कशी मारायची, बोट कुठं वाकवायचं, पट्टी परत येत असताना मारायची की जात असताना, नख लागू द्यायचं की नाही. तिनं विचारलं की ते सांगत, नाही विचारलं तरी सांगत. इतकी वर्षं त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हा त्यांच्या तोंडाचं दारच उघडलं. दोघांचं काम आहे, दोघांचं भलं होणार आहे, असा त्यांचा समज होता. भाबडेपणाला काही सीमा असते म्हणतात, ती मास्तरांच्या बाबतीत कुणाला सापडली नाही.

माणसाचा हात थकतो, घामेजतो, रोज वेगळा लागतो. समीकरण पडताळायचं तर रोज सारखा हात पाहिजे. तेव्हा धाकटी म्हणाली, हाताऐवजी काहीतरी बनवू या. बनवलं मास्तरांनी. रबरी पिशवी घेतली. आधी वाळू भरली, मग स्पंज, मग काय काय. प्रत्येक वेळी डोळे मिटून तिच्यावर तळहात दाबायचा आणि स्वतःच्या हाताशी ताडून बघायचं. हा हात आतून कसा लागतो हे जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? शेवटी जाड तेल आणि लोखंडाचा कीस ह्यांचं मिश्रण बरोबर जमलं. पिशवी चौकटीच्या कोपऱ्यावर पट्ट्यानं आवळली, मास्तर दोन्ही हात पाठीमागं बांधून दूर उभे राहिले आणि धाकटीला म्हणाले, "मार."

तिनं मारली. एकदोनदा चुकली, मग पट्टी मध्ये थांबली. थांबली ती थांबलीच. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मधला मुक्काम खरा होता. तो त्यांच्या हाताचा भ्रम नव्हता, चौकटीला योग्य साथ मिळाली की तो कुणालाही सापडणार होता, पुढं कधीही. ते तसेच, डोळे न पुसता, सरांच्या केबिनकडे धावले. आता प्रबंध लिहितो म्हणाले. महिनाभर आहे अजून मुदत, बसून लिहून काढतो.

सरांनी त्यांना पाणी दिलं. "बस. अरे, हे सगळं धाकटीच्या प्रबंधात जाणार आहे. समीकरणाचा तिचा पेपरही गेला परवा."

"पण सर, पिशवी तर मी..."

"पिशवी बनवणं म्हणजे संशोधन नव्हे. समीकरण कुणाचं? तिचं. एकच निष्कर्ष दोन प्रबंधांत कसा घालणार? विद्यापीठ हाकलून देईल दोघांना. तिचं तर वय आहे अजून." सरांनी ग्लास परत घेतला. "तुझे आभार मानलेत तिनं. मी स्वतः वाचलंय. आणि हे बघ, तुला वाऱ्यावर सोडत नाही मी. सहायक म्हणून ठेवतो. यंत्र सांभाळायला माणूस लागतोच."

मुदत संपली. प्राचार्यांनी जागा भरली, आणि वर तासांवरच्या शिक्षकांचीही आता गरज नाही म्हणून कळवलं. सासरेबुवांनी शेवटच्या वर्षाचा विनोद बंद केला, आणि हे गप्प बसणं मास्तरांना विनोदापेक्षा जास्त झोंबलं. सहायकाचा निळा कोट अंगात चढवून ते रोज यंत्राला तेलपाणी करू लागले. सोडून का गेले नाहीत, असं तुम्ही विचाराल. कुठं जाणार? ह्या एका पट्टीखेरीज त्यांना जगातलं काहीही येत नव्हतं.

धाकटीच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून त्याच बाई आल्या. ह्यावेळी केस अजून पिकलेले, बोलणं तितकंच गोड. धाकटीनं फळ्यावर समीकरण असं काही मांडलं की बाई दोनदा 'वा' म्हणाल्या. मग सगळे प्रयोगशाळेत आले. टिचकी मास्तरांनी मारायची असं ठरलं होतं, म्हणजे धाकटी शेजारी उभी राहून पडद्यावर बोट ठेवून समजावून सांगेल. मास्तर निळ्या कोटात, बोट वाकवून तयार उभे होते.

बाईंनी त्यांना ओळखलं नाही. मागच्या वेळी त्यांनी ह्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलंच कुठं होतं? पिशवीला हात लावून बघत त्या सरांना म्हणाल्या, "मागं एक गृहस्थ होते ना तुमच्याकडे, हात टेकवणारे. त्यांचं काय झालं पुढं?"

सर मास्तरांपासून दोन पावलांवर उभे होते. "सोडलं त्यांनी," सर म्हणाले. "चिकाटी नव्हती."

"अरेरे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या. तिनं पडद्यावर काहीतरी नीट केलं आणि म्हणाली, "हं दादा, मारा."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना कळलं की सगळ्यांची मानगूट आपल्या एका बोटात आहे. सरांची, धाकटीची, दोन वर्षांच्या कामाची. त्यांनी बोट हवं त्यापेक्षा कणभर हलकं सोडलं. मुद्दाम. पट्टी उठली, डगमगली आणि खाली पडली. सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मास्तरांच्या छातीत इतकं गोड वाटलं की तसं लग्नातही वाटलं नव्हतं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी ह्यावेळी कणभर जोरात मारली. पट्टी सरळ वर उडाली आणि दणादणा डोलू लागली. बाईंनी भुवया उंचावल्या. "तुमचा तो मुक्काम दिसत नाही कुठं?"

"जरा थांबा दादा," धाकटी म्हणाली, "मी बघते."

तिनं वेग पुढं नेला, पट्टी खाली कोसळू दिली, पुन्हा जागेवर आणला. मग वाकली, बोट वाकवलं, पट्टी परत येत असतानाच, नख लागू न देता, टिचकी मारली. मास्तरांनी शिकवली होती अगदी तशी, मनगटाचा झोलसुद्धा तोच. पट्टी पहिल्या फटक्यात मध्ये थांबली. बाईंनी पिशवी दाबून बघितली, टेबल ढकलून बघितलं, सगळ्यांना चार पावलं मागं सरकायला लावलं. पट्टी हलली नाही जागची. मग टाळ्या झाल्या, चांगल्या जोरात.

"जरा बाजूला होता का?" सर मास्तरांना म्हणाले. सगळ्यांचा पट्टीसोबत फोटो काढायचा होता.

नंतर व्हरांड्यात चहा आणि बिस्किटं होती. मास्तर पायरीपाशी उभे होते. नव्या डॉक्टरीणबाई, म्हणजे धाकटी, गर्दीतून वाट काढत स्वतः कप घेऊन त्यांच्यापाशी आली. डोळे आनंदानं ओले होते तिचे. तिनं कप त्यांच्या हातात दिला, हलकेच त्यांच्या कोटाची बाही धरली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हं दादा. लोक बघत असले की बोट चुकतंच. पुढच्या वेळी आधी सांगा, मीच मारत जाईन."

"बरं," मास्तर म्हणाले.